ध्रुवीय परिषदांचा वाटखर्च

ध्रुवप्रदेशाचे विज्ञान एकट्यादुकट्याने साधण्यासारखे नव्हे. अंटार्क्टिकाच्या पठारावर आठ लाख वर्षांपूर्वीची हवा बुडबुड्यांच्या रूपाने कोंडून ठेवणारा बर्फ खोल वेध घेऊन वर काढण्यासाठी युरोपातील दहा राष्ट्रांना एकत्र यावे लागले. जहाज एकाचे, तळ दुसऱ्याचा, प्रयोगशाळा तिसऱ्याची आणि त्या बर्फाच्या कांडीचे तुकडे मात्र अनेकांच्या वाट्याला, असा या क्षेत्राचा रिवाजच आहे. मोहिमेत कोणाला सोबत घ्यावयाचे, नमुन्याचा अंश कोणाच्या हाती सोपवावयाचा, या गोष्टींत परस्परांच्या परिचयाला आणि विश्वासाला मोठे मोल असते. आणि तो परिचय होण्याचे मुख्य ठिकाण म्हणजे परिषदा.

१९५८ साली स्थापन झालेली अंटार्क्टिक संशोधनाची वैज्ञानिक समिती, जिला सर्वजण ‘स्कार’ म्हणतात, दर दोन वर्षांनी आपली खुली विज्ञान परिषद भरविते. आर्क्टिकचे संशोधक दरवर्षी एका सप्ताहासाठी जमतात. २०२२ च्या स्कार परिषदेचे यजमानपद भारताकडे होते, परंतु महामारीमुळे ती दूरस्थ पद्धतीनेच भरली. २०२४ साली ती चिली देशातील पुकोन या सरोवराकाठच्या गावी झाली. आमच्या गोव्यात, वास्कोच्या हेडलँड सडा येथे, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. १९८१ च्या डिसेंबरात भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम निघाली तीही गोव्याहूनच. त्या गोव्यातून पुकोनला जावयाचे म्हणजे विमानामागून विमान बदलीत अर्धी पृथ्वी ओलांडावयाची आणि वर पुन्हा मोटारीचा रस्ता. आणि संशोधक विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती कितीही काटकसरीने वापरली, तरी एवढ्या प्रवासाला ती पुरी पडत नाही.

तेथे जाऊन तो करतो काय, असा प्रश्न सामान्य वाचकास पडणे स्वाभाविक आहे. सभागृहाबाहेरच्या दालनात पुरुषभर उंचीच्या फळ्या ओळीने मांडलेल्या असतात. त्यांतील एकीवर आपले पोस्टर टाचण्यांनी लावून तो दोन तास उभा राहतो. येणारे जाणारे आलेखावर नजर टाकून पुढे जातात. मग कोणी एक थांबतो, वक्ररेषेतील एका उंचवट्यावर बोट ठेवतो आणि विचारतो, हा थर ज्वालामुखीच्या राखेवरून मोजलात, की केवळ वार्षिक थरांच्या गणनेवरून? मागाहून कळते, की विचारणारा तोच, ज्याचे निबंध विद्यार्थ्याने तीन वर्षे उशाशी ठेवले होते. त्या दहा मिनिटांच्या संभाषणातून जे हाती लागते, ते पत्रव्यवहाराने वर्षभरातही लागत नाही, असे माझे निश्चित मत आहे. म्हणूनच प्रवासाचे साहाय्य ही मेहेरबानी नव्हे. रसायनांच्या आणि उपकरणांच्या खर्चासारखाच तो संशोधनाचा खर्च आहे.

हे साहाय्य अगदीच दुर्मीळ आहे असे नाही. स्वतः स्कार आणि आर्क्टिककडील आंतरराष्ट्रीय समिती, या दोहोंनी नवोदितांसाठी तरतूद ठेवलेली असते. २००७–०८ च्या आंतरराष्ट्रीय ध्रुव वर्षाच्या सुमारास उदयास आलेली तरुण ध्रुवीय शास्त्रज्ञांची संघटनाही त्यांच्या बाजूने सतत झटते. आपल्याकडे पूर्वी विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाकडे असलेली परदेशप्रवासाची योजना आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे आली आहे. अर्जासोबत निबंधाचा गोषवारा, तो स्वीकारल्याचे पत्र, मार्गदर्शकाची शिफारस आणि खर्चाचा अंदाज एवढे जोडावे लागते, आणि तेवढे मागणे वाजवीच आहे.

माझी तक्रार आहे ती मंजुरीबद्दल नव्हे, तर रक्कम हाती पडण्याच्या रीतीबद्दल. बहुतेक योजनांत पैसे मिळतात ते परतल्यावर, तिकिटे व पावत्या दप्तरात दाखल करून त्यांची तपासणी झाल्यानंतर. सार्वजनिक पैशाचा हिशेब चोख हवा, याविषयी दुमत नाही. परंतु ज्याच्या घरी लाख-दीड लाख रुपये काही महिन्यांपुरते बाजूला काढण्याची ऐपत आहे, तोच मग या मंजुरीचा लाभ घेऊ शकतो. ज्याला ती ऐपत नाही, तो मंजुरीचा कागद हाती असूनही घरीच राहतो, नाहीतर उसनवारी करतो. गरजवंतासाठी काढलेली योजना अशा रीतीने गरजवंतालाच वगळते, आणि हे कोणाच्या दुष्ट हेतूने नव्हे, तर केवळ जुन्या वहिवाटीने घडते. यावर उपाय अवघड नाही. तिकीट संस्थेने परस्पर काढावे, निवासाची रक्कम संयोजकांनी थेट वसतिगृहास भरावी, आणि उरलेल्या खर्चासाठी आगाऊ उचल देऊन तिचा हिशेब मागाहून घ्यावा. सरकारी कामासाठी दौऱ्यावर जाणाऱ्या अधिकाऱ्यास आगाऊ रक्कम मिळू शकते. विद्यार्थ्यास ती का मिळू नये?

निकालाच्या वेळेचाही प्रश्न आहे. सवलतीच्या नोंदणीची मुदत परिषदेच्या पुष्कळ आधी संपते, आणि युरोपातील परिषद असेल तर व्हिसासाठी बँकेचा उतारा, निवासाची व्यवस्था व परतीचे आरक्षण हे सारे आधीच दाखवावे लागते. खर्च कोण करणार, याची खात्री देणारे निवडपत्र त्या कागदांत असले, तर अर्जाला बळ येते. म्हणून ते पत्र नोंदणीची मुदत संपण्यापूर्वी आणि व्हिसाच्या भेटीची तारीख घेण्यापूर्वी विद्यार्थ्याच्या हाती पडले पाहिजे.