इजा वाढत नाही, मूल वाढतं

लेखमाला : सेरेब्रल पाल्सी समजून घेताना (लेखांक ४)

गेल्या आठवड्यात आपण कारणं पाहिली. अपुऱ्या दिवसांचं बाळ, गर्भारपणातला जंतुसंसर्ग, जन्मानंतरची तीव्र कावीळ, मेंदूज्वर अशी ती अनेक आहेत. १८६०च्या दशकात लंडनचे शल्यविशारद विल्यम लिटल यांनी या विकाराचा संबंध अवघड बाळंतपणाशी जोडला. मूळ बिघाड कित्येकदा गर्भातच झालेला असावा, हा विचार सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९७मध्ये मांडला. तरीही आपल्याकडे आजही बोट आईकडे दाखवलं जातं. हा आरोप निराधार आहे, तो घराघरांतून कायमचा हद्दपार व्हायला हवा.

आज पालकांच्या एका नेहमीच्या प्रश्नाकडे वळू. ‘मेंदूची इजा वाढत नाही असं डॉक्टर म्हणाले होते. मग तिसऱ्या वर्षी टेकणाऱ्या टाचा सहाव्या वर्षी उचलल्या का गेल्या?’

मेंदूतली इजा खरोखरच वाढत नाही. पण मूल वाढतं. हाडं भराभर लांब होतात, ताठरलेले स्नायू मात्र त्या वेगाने लांबत नाहीत. दर दहापैकी सुमारे आठ मुलांमध्ये असा ताठरपणा आढळतो. तो आधी टाच वर ओढतो, मग गुडघा वाकवतो. मांड्या सतत एकमेकींकडे ओढल्या गेल्या की खुब्याचा सांधा हळूहळू खोबणीतून सरकू लागतो. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे जे मूल चालत नाही, त्याच्या खुब्याचा एक्स-रे ठरावीक काळाने काढावाच लागतो. तो किती महिन्यांनी, हे अस्थितज्ज्ञांना विचारून घ्या.

म्हणूनच फिजिओथेरपीच्या अर्ध्या तासाइतकेच दिवसाचे उरलेले तासही महत्त्वाचे. आपल्याकडची कडेवर घेण्याची पद्धत इथे फार उपयोगी पडते. बाळाचे दोन्ही पाय आपल्या कमरेच्या दोन बाजूंना आले की मांड्या आपोआप फाकतात आणि मानेला वर राहण्याचा सराव होतो. लंगोट बदलताना ताठ पाय जोर लावून ओढू नका. आधी खुबा आणि गुडघा सावकाश वाकवा, पाय सैल पडले की मगच बाजूला करा. तेल चोळताना हिसके देऊन मालीश करण्याने ताठरपणा कमी होत नाही, उलट इजा होऊ शकते.

भरवण्याकडे तर डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यायला हवं. मुलाला आडवं ठेवून कधीही भरवू नका. पाठीला आधार देऊन बसवा, हनुवटी किंचित खाली राहू द्या आणि चमचा समोरून, तोंडाच्या पातळीवर आणा. डोकं मागे गेलं की घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. काही मुलांना पातळ पाण्यापेक्षा दाटसर नाचणीची पेज गिळायला सोपी जाते. वारंवार ठसका, जेवताना घरघर, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होत असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या.

पायाला योग्य स्थितीत धरणारे स्प्लिंट, बोट्युलिनमची इंजेक्शनं, गरज पडल्यास शस्त्रक्रिया हे सगळे उपाय आहेत. पण कोणता आणि कधी, हे मुलाच्या क्षमतेनुसार ठरतं. ‘हमखास बरं करतो’ असं म्हणून पैसे मागणाऱ्यांपासून मात्र चार हात लांब राहा.

खर्चाचा भार सगळा एकट्याने उचलावा लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि सरकारी शाळांत तपासणी करतात आणि गरजू मुलांना पुढच्या उपचारांसाठी पाठवतात. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्यविम्याचं संरक्षण आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे. डॉ. मिथू अलूर यांनी १९७२मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना केली, तेव्हा पालकांच्या हाताशी यातलं काहीही नव्हतं.

या आठवड्यात एवढं करा : मूल दिवसभर बसतं, झोपतं, जेवतं, खेळतं, त्या प्रत्येक स्थितीचा एकेक फोटो काढा आणि पुढच्या भेटीत थेरपिस्टला दाखवा. काय बदलायचं, हे त्यातूनच त्यांना नेमकं सांगता येईल.

(पुढील लेखांकात : बोलता न येणाऱ्या मुलाचं म्हणणं कसं समजून घ्यावं)