भिंगावरचा ओरखडा आणि रोशनाईचा थेंब

मुंबईत फोर्टातल्या बोराबाजारात जुना कॅमेरा घ्यावयास गेलेले गिऱ्हाईक भिंग हाती येताच ते दिव्यासमोर तिरपे धरून पाहते. आणि काचेवर केसाएवढा ओरखडा चमकला, अथवा नळीवरचा काळा रंग उडून आतले पांढरे ॲल्युमिनियम उघडे पडलेले दिसले, की ते तसेच खाली ठेवून पुढच्या दुकानाकडे वळते. अशा मालाची किंमत दुकानदारही बिनतक्रार उतरवतो. तथापि भिंगाचे काम प्रतिमा उठविण्याचे आहे, आणि जो दोष आपल्या डोळ्यांस सलतो तोच प्रतिमेलाही बाधतो, अशी जी समजूत या सौद्याच्या मुळाशी असते, ती प्रकाशशास्त्राच्या कसोटीस उतरत नाही.

माझ्या टेबलावर अशाच उतरत्या किमतीत मिळालेले एक भिंग आहे. सोव्हिएत काळातील झेनिट कॅमेऱ्यावर येणारे, कार्ल झाइस कंपनीच्या बायोटार रचनेवर बेतलेले हे हेलिऑस-४४. त्याचे नाभीय अंतर ५८ मिलिमीटर. त्याच्या पुढल्या काचेवर सुमारे १० मिलिमीटर लांबीचा आणि ०.१ मिलिमीटर रुंदीचा ओरखडा आहे, कडेला पोचा गेलेला आहे, आणि कड्यांवरचे आकडे इतके पुसट झाले होते की संध्याकाळच्या उजेडात ते बोटाने चाचपून वाचावे लागत.

प्रथम ओरखड्याचा हिशेब पाहू. एफ/२ इतके छिद्र पूर्ण उघडले असता त्याचा व्यास २९ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ६६० चौरस मिलिमीटर भरते. ओरखडा व्यापतो तो १ चौरस मिलिमीटर. समोरच्या झाडाच्या एकेका पानापासून निघालेले किरण काचेच्या साऱ्या पृष्ठभागावर पसरून पडतात आणि मागे एकवटून त्या पानाचा एकेक बिंदू घडवितात. त्यामुळे ओरखडा प्रत्येक बिंदूच्या प्रकाशातून सहाशेसाठावा हिस्सा काढून घेतो, परंतु स्वतःची रेघ चित्रात कोठेही उमटवू शकत नाही. छिद्र एफ/१६ पर्यंत मिटले म्हणजे मात्र त्याचा व्यास ३.६ मिलिमीटरच उरतो, आणि ओरखडा नेमका मध्यातून जात असेल तर त्याचा वाटा साडेतीन टक्क्यांपर्यंत चढतो. मागल्या काचेची गोष्ट याहून निराळी. तेथे प्रत्येक बिंदूकडे निघालेला किरणांचा शंकू निमुळता झालेला असतो, आणि तेथला ओरखडा त्याचा मोठा भाग अडवू शकतो. म्हणून जुने भिंग पारखताना पुढल्या काचेवर वेळ न दवडता आधी मागची काच पाहावी.

ओरखड्याचा खरा उपद्रव प्रकाश अडविण्यात नसून तो उधळण्यात आहे. त्याच्या खडबडीत भिंतींवर उन्हाची तिरीप पडली की किरण चहूंकडे विखुरतात, चित्रातल्या गडद सावल्यांवर पांढुरकी झिलई चढते आणि रंग विटके दिसू लागतात. यावरचा इलाज जुना आहे आणि दौतीएवढ्या खर्चाचा आहे: ओरखड्यात काळी रोशनाई भरावयाची. रोशनाई म्हणजे काजळी आणि तिला धरून ठेवणारा डिंक किंवा लाख. काजळी प्रकाश गिळते हे उघड आहे. परंतु डिंकाचे कामही तितकेच महत्त्वाचे, कारण त्याचा अपवर्तनांक काचेच्या अपवर्तनांकाच्या बराच जवळ असल्यामुळे काच आणि शाई यांच्या सीमेवर किरण परत न फिरता सरळ काळोखात शिरतो. कोरडी काजळी नुसती चोळली असती, तर मध्ये हवेची पोकळी राहून किरण तेथूनच परावर्तित झाला असता. भिंगे घडविणारे कारागीर काचांच्या कडा काळ्या करतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

मी हे काम एका सकाळी खिडकीशी बसून केले. काच प्रथम फुंकरयंत्राने झटकली, आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओरखडा पुसून त्यातला तेलकटपणा घालविला, आणि सर्वांत बारीक कुंचल्याच्या टोकावर शाईचा थेंब घेऊन तो ओरखड्याच्या एका टोकाशी फक्त टेकविला. कुंचला ओढावाच लागला नाही. केशाकर्षणाने शाई आपण होऊन त्या चरीतून पुढे सरकत गेली, आणि चकाकणारी रेघ डोळ्यांदेखत विझत गेली. काठाबाहेर आलेला अंश ओला असतानाच ओलसर कापडाने टिपून घेतला. उन्हाकडे तोंड करून आधी घेतलेले चित्र आणि त्यानंतर त्याच जागेवरून घेतलेले चित्र शेजारी ठेवले, तेव्हा दारातल्या सावलीचा काळेपणा परत आलेला दिसला.

येथे एक कळकळीची विनंती करावीशी वाटते. टूथपेस्ट किंवा पॉलिशची भुकटी लावून ओरखडा घासून काढण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो कोणीही मानू नये. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो, आणि तो वाचविण्यासाठी भिंगावर मॅग्नेशियम फ्लोराइडसारख्या द्रव्याचा जो लेप देतात, त्याची जाडी असते सुमारे १०० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा काहीशेवा भाग. या लेपाच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परतणाऱ्या लाटा एकमेकींना छेद देतात आणि परावर्तन मावळते. दोन मिनिटांच्या घासण्याने हा लेप जातो, आणि काचेची वक्रताही बिघडू शकते. मग केसाएवढ्या दोषाच्या जागी नाण्याएवढा दोष येतो.

या लेपाचा इतिहास तर अशा घाईवर फार मोठा धडा आहे. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना १८८६ साली असे आढळले की, हवेने मळकटलेली जुनी काच ताज्या काचेपेक्षा अधिक प्रकाश आरपार सोडते. पुढे १८९०च्या दशकात इंग्लंडातील यॉर्क येथे दुर्बिणींची भिंगे करणाऱ्या कुक यांच्या कारखान्यातील डेनिस टेलर यांनीही पाहिले की, काळाने डागळलेली, निळसर झाक आलेली भिंगे नव्या भिंगांहून सरस ठरतात; आणि ज्याला गिऱ्हाइके बट्टा समजत होती तो डाग मुद्दाम पाडण्याचे प्रयोग त्यांनी आरंभिले. निर्वात पात्रात लेप चढविण्याची रीत झाइसच्या स्माकुला यांनी १९३५ साली सिद्ध केली, ती याच वाटेवरची पुढली मजल होय.

आता बाह्यांगाकडे वळू. पुसट आकड्यांसाठी पांढरा व नारिंगी एनॅमल रंग पुरतो. रंग काडीपेटीच्या काडीने कोरीव चरीत दाबून भरावा, पाच-दहा मिनिटे आळू द्यावा, आणि मग जाड पुठ्ठ्याची सरळ कड पृष्ठभागावर आडवी फिरवावी. वरचा रंग निघून येतो, चरीतला राहतो. नळीचा काळा रंग ही बहुधा ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडच्या सच्छिद्र थरात मुरविलेली रंगाई असते. ती घरी पुन्हा मुरविता येत नाही, म्हणून उघड्या जागी तेलकटपणा काढून काळ्या रंगाचा पातळ हात द्यावा. रबरी पट्टीवर आलेली पांढरट बुरशीसारखी साय सहसा बुरशी नसून रबरातूनच वर आलेली मेणे व रसायने असतात. दात घासण्याचा जुना ब्रश आणि साबणाचे पाणी तिला पुरे होते.

सर्वांत जिकिरीचे काम पोच्याचे. पुण्याच्या तांबट आळीत घंगाळ ठोकताना तांबट ते मधूनमधून भट्टीत घालतो, कारण ठोक्याठोक्याने धातू कठीण व ठिसूळ होत जातो आणि आचेने त्याला पुन्हा नरमाई येते. भिंगाच्या कडीला ही भट्टीची मुभा नाही. पलीकडेच काचा बसविलेल्या असतात, आणि कडी मागेपुढे वाकविली तर ती तडकते. म्हणून भिंगाच्या तोंडाच्या गोलाईचा लाकडी ठोकळा बाहेरून टेकवून, आतल्या बाजूने लाकडी मुठीने हलके दाब देत, प्रत्येक दाबानंतर थांबून पाहावे लागते. माझ्या भिंगाची कडी अजून एका जागी किंचित चपटी आहे. पण फिल्टर लावून पाहिला, तो आटे न चढता तीन फेरे सरळ बसला, आणि मी ठोकळा खणात ठेवून दिला.