ऋतू, प्रदेश आणि तान्ह्या बाळाचे यकृत

तान्ह्या बाळाला यकृताचा दुर्मीळ विकार असल्याचे निदान झाले की सातारा-सांगलीकडील आईवडील आम्हांस दोन प्रश्न विचारतात. हा आमच्या भागातील पाण्याचा दोष आहे का? पावसाळ्यातील जन्म बाळाला बाधला का? हे प्रश्न अज्ञानाचे नव्हेत. रोग कोठे व केव्हा होतो, हे पाहूनच वैद्यकशास्त्र पुष्कळदा त्याच्या कारणापर्यंत पोहोचते. याचे ठळक उदाहरण शेजारच्या पुण्यातच घडले आहे.

‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस’ या यकृतविकाराने एकेकाळी प्रामुख्याने एक ते तीन वर्षे वयाची मुले दगावत. १८८७ साली कोलकात्यात त्याचे पहिले वर्णन झाले. तो बहुतांशी भारतातच आढळे आणि एकाच घरातील भावंडांना होई. म्हणून तो आनुवंशिक मानला जात असे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर व सहकाऱ्यांनी १९८३ साली ‘लॅन्सेट’ नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने सर्वांचे लक्ष स्वयंपाकघराकडे वळविले. कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात तापविलेल्या दुधात तांबे उतरते आणि अगदी लहान वयात वरच्या दुधावर वाढणाऱ्या बाळाच्या यकृतात ते साठत जाते. पुढे घरोघरी स्टीलची भांडी आली, स्तनपानाचे महत्त्व पटले आणि हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. ऑस्ट्रियातील टायरॉल या डोंगराळ प्रदेशातही अशाच विकाराने १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके मृत्युमुखी पडली होती; तेथेही दूध तापविण्याचे भांडेच कारणीभूत असल्याचे १९९६ साली मांडण्यात आले.

तथापि, आज नवजात बाळाच्या यकृताला सर्वाधिक धोका ज्या विकारांपासून असतो, त्यांतील ‘बिलिअरी अ‍ॅट्रेसिया’ या विकाराचे कोडे असे सुटलेले नाही. यात पित्त वाहून नेणाऱ्या नलिका बंद होतात आणि साचलेले पित्त यकृताची हानी करते. पश्चिम युरोपात सुमारे १५ ते २० हजार जन्मांमागे एक, तर तैवानमध्ये सुमारे ५ ते ७ हजारांमागे एक असे याचे प्रमाण आढळते. अमेरिकेतील अटलांटा परिसराच्या, १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत डिसेंबर ते मार्च या काळात जन्मलेल्या बाळांत तो अधिक दिसला. युरोपातील पाहण्यांत मात्र असा ऋतुक्रम आढळला नाही. विषाणुसंसर्गाचा संशय आहे, पण तो सिद्ध झालेला नाही. सबब ना पावसाळ्याला दोष देता येतो, ना गावाच्या पाण्याला, आणि आईच्या खाण्यापिण्याला तर मुळीच नाही.

येथे महिन्यापेक्षा दिवसांचा हिशेब मोलाचा ठरतो. जपानमधील सेंदाई येथील डॉ. मोरिओ कासाई यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या शस्त्रक्रियेत यकृत थेट आतड्याशी जोडून पित्ताला वाट करून दिली जाते. बाळ ६० दिवसांचे होण्यापूर्वी ती झाल्यास यशाची शक्यता वाढते. काही मुलांना पुढे यकृत-प्रत्यारोपण लागते. परंतु वेळेवर झालेली शस्त्रक्रिया ती वेळ लांबवू शकते, क्वचित टाळूही शकते.

आपल्याकडे बाळबाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाहीत. कावीळ दिसली तरी ‘कोवळे ऊन दाखवा’ असा सल्ला मिळतो, कोठे कावीळ उतरविण्याची माळ घातली जाते. बाळ अंगाने गुटगुटीत दिसते, त्यामुळे कोणास शंका येत नाही. ६० दिवसांतील ४० दिवस असे उंबरठ्याच्या आतच सरतात.

म्हणून आमची कळकळीची विनंती आहे. जन्मानंतर १४ दिवसांनीही डोळे पिवळे असतील, शी पांढुरकी किंवा मातकट असेल, अथवा लघवीने लंगोट पिवळा होत असेल, तर सव्वा महिना पुरा होण्याची वाट न पाहता बाळास बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे आणि रक्तातील बिलिरुबिनचे दोन्ही प्रकार तपासून घ्यावेत. तैवानने २००४ पासून देशभर मातांना शीचे रंग दाखविणारे कार्ड दिले आणि तेथे निदान लवकर होऊ लागले. त्या कार्डाला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. रोज लंगोट बदलणारी आई, आजी आणि घरी येणाऱ्या आशाताई यांना काय पाहावयाचे हे ठाऊक असले, तर निदानाची पहिली पायरी घरातच गाठली जाईल.