‘बाटणे’ आणि ‘दिसणे’ : धर्मांतरिताच्या श्रद्धेची भाषा

धर्मांतर करणाऱ्या माणसास समाजाकडून होणारा विरोध बहिष्कारात प्रकट होतो, त्याआधी तो क्रियापदात प्रकट झालेला असतो. मालवण-कट्टा परिसरात ‘तो बाटलो’ असे म्हटले काय किंवा घाटावर ‘तो बाटला’ असे म्हटले काय, व्याकरण एकच. ‘बाटणे’ हे क्रियापद अकर्मक आहे. भांडे बाटते, विहीर बाटते, तसा माणूसही बाटतो. त्याचे प्रयोजक रूप ‘बाटवणे’. त्यात कर्तृत्व येते खरे, पण ते दुसऱ्याचे. धर्म बदलणाऱ्याने काही विचार केला, काही निवडले, याला या दोन्ही रूपांत जागाच नाही. विहिरीत पावाचा तुकडा टाकून गाव बाटविल्याच्या आख्यायिका कोकणपट्टीत प्रचलित आहेत. त्या या व्याकरणाशी सुसंगतच म्हणाव्या लागतील.

अर्थात हा शब्द निव्वळ आकसातून रूढ झाला असे मानणे अन्यायाचे होईल. सोळाव्या शतकात गोव्यात देवळे पाडली गेली आणि १५६० मध्ये तेथे धर्मन्यायालय स्थापन झाले; काही खंड वगळता ते १८१२ पर्यंत चालले. शेजारच्या मुलुखाने सक्ती जवळून पाहिली होती. परंतु सक्तीच्या अनुभवातून दृढ झालेला हा शब्द पुढे स्वेच्छेने निर्णय घेणाऱ्यालाही लावला गेला, आणि प्रश्न तेथे उत्पन्न होतो.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे उदाहरण या दृष्टीने विचारार्ह आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेल्या या कवीने १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलासह मागे राहिल्या. नातलगांच्या आधाराने पंढरपुरास काढलेल्या दिवसांचे वर्णन त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त आले आहे. नवऱ्याचा धर्म त्यांना मान्य नव्हता आणि नवरा सुटत नव्हता. पुढे त्या टिळकांकडे आल्या तरी सोवळे आणि वेगळी चूल त्यांनी सोडली नाही. प्रथम गळून पडला तो जातिभेदावरचा विश्वास, आणि तोही कोणाच्या उपदेशाने नव्हे, स्वतःच्या विचाराने. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो त्यानंतर. नवऱ्यामागून बायको बाटली, असे म्हणणाऱ्यांना हा क्रम दिसणे शक्य नव्हते.

येथे ‘दिसणे’ हे क्रियापद मुद्दाम योजले आहे. ‘मी पाहिले’ या वाक्यात पाहणारा कर्ता आहे. ‘मला दिसले’ या वाक्यात अनुभव घेणारा चतुर्थीत असतो. ‘मला पटले’, ‘मला उमगले’ ही याच जातीची वाक्ये. त्यांत कर्तेपणाचा अभिमान नाही, पण अनुभव कोणाचा हे निःसंदिग्ध आहे. योहानाच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायात जन्मांध माणसास दृष्टी येते. त्याचे आईबाप सभास्थानातून बहिष्कृत होण्याच्या भीतीने उत्तर टाळतात व त्यालाच विचारा म्हणतात. तो मात्र वादात शिरत नाही. आपण आंधळे होतो आणि आता आपल्याला दिसते, एवढेच धरून बसतो, आणि बाहेर घालविला जातो. वाद हरता येतो, तशी ही साक्ष हरता येत नाही. छळात टिकलेल्या श्रद्धेचे मर्म बहुधा याच चतुर्थीत असावे.

टिळकांना विरोध झाला तो केवळ पूर्वीच्या समाजाकडून नव्हे. मिशनच्या पाश्चात्य चौकटीतही त्यांचा जीव गुदमरत होता. आपण तुकारामाच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो ही त्यांची भूमिका होती, आणि अभंग व भजन ही त्यांच्या उपासनेची स्वाभाविक भाषा होती. धर्म बदलला म्हणून भाषा टाकावी, हे त्यांना कधीच मान्य झाले नाही. (फादर स्टीफन्सने १६१६ च्या ‘क्रिस्तपुराणा’त ओवीच पत्करली होती, हे येथे आठवते, मात्र त्याला ती भाषा शिकावी लागली, टिळकांची ती घरचीच होती.) १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ आरंभिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांना सारखीच जागा होती. म्हणजे ‘बाटला’ आणि ‘न बाटला’ हा भेदच तेथे निरर्थक ठरत होता. दोनच वर्षांत टिळक वारले.

त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि उरलेल्या अध्यायांची रचना पुरी केली. शाळेत न गेलेल्या, एके काळी विटाळाच्या भयाने वेगळी चूल मांडणाऱ्या या बाईंचे ते काम १९३८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाले.