यंत्र बसले, आता पडदा धुवायला शिकूया



यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत कोलाम व गोंड बांधव राहतात, तेथील काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. ते डोळ्यांना दिसत नाही. पण वर्षानुवर्षे पोटात गेले की मुलांच्या दातांवर डाग पडतात, पुढे हाडे व सांधे आखडतात. हाडांचे हे नुकसान औषधाने भरून येत नाही. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड ठीक. दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. म्हणून अशा ठिकाणी आरओ यंत्रे उपयोगी पडतात.

यंत्राचा जीव त्याच्या पडद्यात, म्हणजे मेम्ब्रेनमध्ये असतो. त्यावर दोन तऱ्हेचा मळ बसतो: चुना व लोह यांची खपली, आणि जंतूंचा बुळबुळीत थर. शुद्ध पाण्याची धार १० ते १५ टक्क्यांनी घटली, दाब वाढला किंवा टीडीएस चढू लागला, की पडदा धुवायची वेळ झाली असे समजावे. उशीर केला तर थर घट्ट होतो आणि मग निघत नाही.

धुण्याचा क्रम साधारण असा. आधी कॉस्टिक सोड्याचे सौम्य द्रावण. त्याने चिकट थर सुटतो. मग साध्या पाण्याने खळखळून धुणे. नंतर सुमारे २ टक्के सायट्रिक आम्ल, म्हणजे आपले लिंबूसत्त्व. त्याने खपली विरघळते. प्रत्येक द्रावण कमी दाबाने फिरवावे, भिजत ठेवावे, पुन्हा फिरवावे. सामू व तापमान कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. दोन्ही द्रावणे एकत्र करू नयेत. हातमोजे व चष्मा हवाच.

विहिरीत टाकतो ती ब्लीचिंग पावडर मात्र येथे चालत नाही. क्लोरीनने पडदा विरतो. मग धार उलट वाढते, लोकांना वाटते यंत्र सुधारले, आणि फ्लोराइड तसेच घागरीत जाते.

धुतल्यानंतर टीडीएस पूर्वीइतका होईपर्यंतचे पाणी सोडून द्यावे. टीडीएस मीटर फ्लोराइड वेगळे दाखवत नाही, म्हणून पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासावा. धार, दाब व टीडीएस रोज वहीत लिहायला गावातीलच दोन तरुणांना शिकवावे.

यंत्रासाठी दान देताना ही वही, ही रसायने आणि हे प्रशिक्षणही हिशेबात धरा. बंद पडलेल्या यंत्राशेजारी तोच जुना हातपंप उभा असतो, आणि तहानलेली मुले त्याच्याकडेच वळतात.