एकट्याचा नेम

माउली, माणमध्ये एका तरुणानं मला गाठलं. हिंजवडीतली नोकरी, काम घरून. म्हणाला, "महाराज, घरची मंडळी गावाला गेली की मी एकटाच. लॅपटॉप उघडतो, जरा मोबाईल बघू म्हणतो, आणि दुपार होते. मन लागतच नाही."

मी म्हटलं, बाळा, माझंच ऐक. २०२० साली कीर्तनं बंद झाली, घरात बसलो. संध्याकाळचा हरिपाठ माझा कित्येक वर्षांचा. पण समोर माणसं नाहीत, मागे टाळकरी नाहीत. म्हटलं, रात्री म्हणू. रात्री म्हटलं, उद्या. आठ दिवस गेले! तेव्हा कळलं, मला नेम उठवत नव्हता, लोकांचे डोळे उठवत होते.

त्याच वर्षी देहूत बघा. वारीची वाट बंद, दिंड्या नाहीत. तरी ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबारायांच्या पालखीचं प्रस्थान झालंच, मोजक्या माणसांत. पुढं दशमीला पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. गर्दी चुकली, तिथी नाही चुकली.

नेम म्हणजे हेच. मनाला विचारायचं नाही, वेळ झाली की बसायचं. मन लागल्यावर बसणं होत नाही. बसल्यावर मन लागतं. मी त्या सांजेला दिवा लावून एकच अभंग म्हटला, दुसऱ्या दिवशी दोन. त्यालाही सांगितलं, नऊला बस, मोबाईल देवघरात ठेव, पहिलं काम लहान घे. चुकलं तर रडत बसू नकोस, उद्या पुन्हा नऊला बस. कुणी बघत नाही म्हणतोस? विटेवरचा बघतोय ना!

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!