जुनी गाडी देऊन जुनीच गाडी घेताना

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद किंवा फरीदाबादला राहणाऱ्या कुटुंबाला गाडी बदलण्याची वेळ इतर शहरांपेक्षा लवकर येते. इंजिन ठणठणीत असते, रंगही गेलेला नसतो, पण कागदावर गाडीचे वय झालेले असते. डिझेल गाडीला १० वर्षे आणि पेट्रोल गाडीला १५ वर्षे ही इथली मर्यादा राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१४ आणि २०१५ च्या आदेशांतून आली. सर्वोच्च न्यायालयाने ती २९ ऑक्टोबर २०१८ रोजी उचलून धरली.

त्यानंतर नियम मागेपुढे होत राहिले. १ जुलै २०२५ पासून दिल्लीच्या पंपांवर अशा गाड्यांना इंधन नाकारणे सुरू झाले आणि काही दिवसांतच थांबले. १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले. १७ डिसेंबर २०२५ रोजी हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरते ठेवले. म्हणजे आज चालणारी गाडी उद्याही चालेल याची हमी नाही. मुदत ठेव मोडून गाडी घेणाऱ्याने हा धोका आकड्यांत मांडून पाहावा.

आई-वडील गावाहून येणार, मुले मोठी झाली, म्हणून छोट्या गाडीऐवजी सहा-सात जणांची गाडी हवी असते. नवी परवडत नाही, मग वापरलेली बघायला सुरुवात होते. इथल्या बाजारात मोठ्या डिझेल गाड्या आश्चर्य वाटावे इतक्या स्वस्त दिसतात. त्यांची स्वस्ताई ही त्यांच्या उरलेल्या आयुष्याची किंमत असते.

एक हिशेब करू. आकडे उदाहरणापुरते आहेत. जून २०१८ मध्ये नोंदलेल्या दोन गाड्या जून २०२६ मध्ये विकायला आहेत. डिझेल गाडी ४,२०,००० रुपयांना आणि पेट्रोल गाडी ४,९०,००० रुपयांना. पाहताक्षणी डिझेल ७०,००० रुपयांनी स्वस्त. पण तिची १० वर्षे जून २०२८ मध्ये भरतात, पेट्रोलची १५ वर्षे जून २०३३ मध्ये. डिझेलची दोन वर्षे उरली, पेट्रोलची सात. पेट्रोल गाडी वर्षाला ७०,००० रुपयांना पडली. डिझेल गाडी दोन वर्षांनी एनसीआरबाहेर १,८०,००० रुपयांना विकली गेली असे धरले, तरी ती वर्षाला १,२०,००० रुपयांना पडली. डिझेलचा कमी इंधनखर्च हा फरक भरून काढतो का, हे आपल्या रोजच्या किलोमीटरवरून पाहावे. मुले शाळेत आणि आपण मेट्रोने कचेरीत, अशा घरात बहुधा भरून काढत नाही.

हिवाळ्याचाही विचार हवा. प्रदूषण वाढून ग्रॅपचा तिसरा टप्पा लागू झाला की दिल्ली, गुरुग्राम, फरीदाबाद, गाझियाबाद आणि गौतम बुद्ध नगरात बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल चारचाकींना रस्त्यावर बंदी येते. दारात उभ्या गाडीचा हप्ता मात्र त्या दिवसांतही चालूच राहतो. म्हणून आरसीवर इंधन आणि नोंदणीची तारीख यांबरोबर गाडी कोणत्या बीएस टप्प्याची आहे तेही पाहावे. देशभर बीएस-६ गाड्यांची सक्ती १ एप्रिल २०२० पासून झाली. त्यामुळे त्याआधीची डिझेल गाडी असेल तर विशेष चौकशी करावी.

किमतीची घासाघीस करताना विक्रेता 'नवी एवढ्याला पडते' असे सांगतो. तो आकडा कधीचा, हे विचारावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधीचे बिल दाखवून जुन्या गाडीचा भाव ठरवू देऊ नये.

आता कर्ज. वापरलेल्या गाडीच्या कर्जाचा दर साधारणपणे नव्या गाडीपेक्षा जास्त असतो, आणि बँक विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीवर नव्हे, तर स्वतःच्या मूल्यांकनावर कर्ज देते. उरलेली रक्कम हातची घालावी लागते. ३,००,००० रुपये १३ टक्क्यांनी घेतले तर पाच वर्षांचा हप्ता सुमारे ६,८२६ रुपये येतो आणि तीन वर्षांचा सुमारे १०,१०८ रुपये. पाच वर्षांत व्याज सुमारे १,०९,५०० रुपये जाते, तीन वर्षांत ६३,९००. लहान हप्त्याच्या मोहात बहुतेक जण पाच वर्षे निवडतात. दोन वर्षे आयुष्य उरलेल्या गाडीवर पाच वर्षांचे कर्ज काढणे मात्र मला कोणत्याही हिशेबात बसवता येत नाही. परतफेड गाडीच्या मुदतीच्या किमान वर्षभर आधी संपावी.

ठेव मोडण्यापूर्वी ठेवीवर कर्ज मिळते का ते शाखेत विचारावे. ते बहुधा ठेवीच्या दरापेक्षा एक ते दोन टक्क्यांनी महाग असते, म्हणजे वाहन कर्जापेक्षा बरेचदा स्वस्त, आणि गाडीवर बोजाही चढत नाही.

आपली जुनी गाडी देताना लोक सर्वात कमी काळजी घेतात. पैसे मिळाले, किल्ली दिली, सही केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३० दलालाच्या हाती ठेवले, की विषय संपला असे वाटते. कायद्याने तो संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी एका अपघाताच्या दाव्यात निकाल दिला. गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, नोंदीत मात्र पहिल्याच मालकाचे नाव होते. भरपाईची जबाबदारी त्या नोंदीतल्या मालकावर आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये लाल किल्ल्याजवळ स्फोट झालेली गाडीही अनेक हातांतून फिरलेली होती, आणि पोलीस आधी पोहोचले ते नोंदीतल्या जुन्या मालकाकडे.

त्यामुळे कोरा फॉर्म देऊ नये. खरेदीदाराचे नाव, पत्ता, तारीख आणि वेळ लिहून पावती घ्यावी आणि हस्तांतराची माहिती १४ दिवसांत आरटीओला कळवावी. वाहन विक्रेत्याला गाडी देत असाल तर तो आरटीओकडे अधिकृत नोंदणी असलेला आहे का, हे विचारावे. १ एप्रिल २०२३ पासून ही पद्धत लागू आहे आणि अशा विक्रेत्याला गाडी दिल्याची नोंद ऑनलाइन करता येते. नाव बदलल्याची खात्री परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन अॅपवर स्वतः करावी. गाडी महाराष्ट्रातल्या नातेवाइकाला द्यायची असेल तर आधी इथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि तिकडे नव्याने नोंदणी करताना कर भरावा लागतो. 'दिल्लीची गाडी स्वस्त पडते' म्हणणाऱ्या भावाला हा आकडा आधीच सांगितलेला बरा.

भंगारात दिली तर अधिकृत केंद्राकडून ठेव प्रमाणपत्र घ्यावे. मात्र त्यावरची रस्ताकरातली सवलत नवी गाडी घेणाऱ्यासाठी आहे, वापरलेली घेताना तिचा उपयोग नाही.

घेताना आरसीवर कर्जाचा बोजा आहे का ते पाहावे. असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. ई-चलने थकलेली नाहीत ना, तेही तपासावे. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. नो-क्लेम बोनस हा मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. जुन्या गाडीवर साठलेला बोनस विमा कंपनीकडून प्रमाणपत्र घेऊन नव्या पॉलिसीत आणता येतो. सलग पाच वर्षे दावा नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर ती सूट ५० टक्क्यांपर्यंत असते, आणि मागितली नाही तर बुडते.

गाडी सोपवण्यापूर्वी काचेवरचा फास्टॅग काढून बँकेत बंद करावा. तो चालू राहिला तर नवा मालक जयपूरला जाईल आणि टोल आपल्या खात्यातून कापला जाईल.